संगणक आपला, मर्जी कंपनीची

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ या ऑपरेटिंग सिस्टीमला असलेला आधार काढून घेतला. त्या दिवशी कोणाचाही संगणक बंद पडला नाही. मात्र प्रणालीत सापडणाऱ्या उणिवांवर दरमहा मोफत मिळणारी दुरुस्ती थांबली. दाराचे कुलूप तेच, पण त्याची किल्ली चोराच्या हाती लागली तर कुलूप बदलून देणारा यापुढे येणार नाही, अशी ही अवस्था. धडधाकट संगणकाला आलेले हे वार्धक्य यंत्र झिजल्यामुळे नव्हे, तर कंपनीच्या वेळापत्रकामुळे येते. संगणक वापरणाऱ्यांच्या बहुतेक तक्रारींचे मूळ इथेच आहे. पैसे मोजून घेतलेल्या यंत्रात काय बदलायचे आणि केव्हा, हे ठरवण्याचा अधिकार ग्राहकाकडे राहत नाही.

विक्री नव्हे, परवाना

पुस्तक विकत घेतले की ते वाचकाचे होते. सॉफ्टवेअरचे तसे नाही. ग्राहकाला मिळतो तो वापराचा परवाना, आणि त्याच्या अटी कंपनी ठरवते. नव्या संगणकाबरोबर आलेल्या विंडोजचा परवाना बहुधा त्याच यंत्राशी बांधलेला असतो. यंत्र भंगारात गेले की परवानाही संपतो.

ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या ‘विंडोज एक्सपी’ने ही बांधीलकी घराघरांत जाणवून दिली. प्रणाली बसवल्यावर ३० दिवसांच्या आत तिची कंपनीकडे नोंद करून ती ‘सक्रिय’ करावी लागे. संगणकाचे मुख्य भाग बदलले तर हा सोपस्कार पुन्हा करावा लागे. चोरट्या प्रती रोखण्याचा हेतू समजण्यासारखा होता. पण परवान्याचा पुरावा देण्याची कटकट प्रामाणिक ग्राहकाच्याच वाट्याला आली.

मराठी वापरकर्त्याला आणखी एक अडथळा होता. एक्सपीत देवनागरीची सोय होती, ‘मंगल’ हा फॉन्टही होता; पण ती सोय आधी सुरू करावी लागे आणि त्यासाठी बहुधा विंडोजची मूळ सीडी मागितली जाई. सीडी हाताशी नसली की युनिकोड मराठी अडून बसे. त्यामुळे अनेक छापखाने आणि कार्यालये जुन्या फॉन्टांवरच काम करत राहिली. या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मजकूर उघडला की निरर्थक चिन्हांची रांग दिसे. असे मजकूर आणि ते हाताळणारे प्रोग्राम मुख्यतः विंडोजवरच चालणारे असल्याने प्रणाली सोडणे म्हणजे स्वतःचेच दप्तर सोडणे ठरले. ग्राहक बांधला जातो तो असा.

दुरुस्ती आणि आग्रह एकाच वाटेने

२००३ च्या ऑक्टोबरपासून मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षेच्या दुरुस्त्या देत आली आहे. ‘अपडेट’ म्हणून ओळखली जाणारी ही व्यवस्था आवश्यक आहे. मात्र तिच्यावरील विश्वास कंपनीने स्वतःच्या हाताने कमी केला.

जुलै २०१५ मध्ये ‘विंडोज १०’ आली. ‘विंडोज ७’ आणि ‘८.१’ वापरणाऱ्यांना ती वर्षभर मोफत देऊ करण्यात आली. तिची जाहिरात मात्र अपडेटच्याच वाटेने संगणकात शिरली. फेब्रुवारी २०१६ मध्ये हे स्थलांतर ‘शिफारस केलेल्या’ अपडेटच्या यादीत गेले. त्याच वर्षी सूचनेची खिडकी कोपऱ्यातील फुलीने बंद केली तरी ठरलेले स्थलांतर रद्द होईनासे झाले. वर्षानुवर्षे ‘नको’ या अर्थाने दाबली जाणारी फुली इथे होकार समजली गेली. टीका झाल्यावर कंपनीने नकाराचा स्पष्ट पर्याय दिला.

‘विंडोज १०’च्या घरगुती आवृत्तीत अपडेट नाकारण्याची सरळ सोयच नव्हती. ऑक्टोबर २०१८ च्या अपडेटमुळे काही जणांच्या साठवलेल्या फायली नाहीशा झाल्या आणि कंपनीला त्याचे वितरण थांबवावे लागले. २०१९ मध्ये या ग्राहकांना अपडेट ३५ दिवसांपर्यंत पुढे ढकलण्याची मुभा मिळाली. तोवर अनेकांनी नाना युक्त्यांनी अपडेट बंद ठेवण्याचा मार्ग पत्करला होता.

वैतागाची किंमत

हा मार्ग किती महागात पडतो, हे १२ मे २०१७ रोजी दिसले. ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर प्रोग्राम दीडशेहून अधिक देशांत पसरला आणि ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांचे कामकाज विस्कळीत झाले. ज्या उणिवेतून तो शिरला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिली होती. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला होता. तरीही कंपनीला तिच्यासाठी तातडीने खास दुरुस्ती द्यावी लागली. प्रत्यक्षात बळी पडलेल्यांत बहुसंख्य संगणक एक्सपीचे नव्हे, तर ‘विंडोज ७’चे होते. त्यांना आधार होता, दुरुस्तीही उपलब्ध होती. ती बसवली गेली नव्हती, एवढेच.

पुढच्याच महिन्यात ‘नॉटपेट्या’चा हल्ला झाला. जहाजवाहतूक करणाऱ्या मर्स्क समूहाच्या यंत्रणा कोलमडल्या आणि त्याची झळ न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनललाही बसली. हा हल्ला युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच सुरू झाला होता. म्हणजे अपडेट टाळणे धोक्याचे आणि डोळे मिटून स्वीकारणेही पूर्णपणे निर्धोक नाही. सामान्य ग्राहकाला यातला फरक स्वतः तपासता येत नाही. म्हणूनच कंपनीच्या शब्दाला मोल असते. सुरक्षेच्या दुरुस्तीबरोबर विक्रीचा आग्रह पाठवला की ते मोल उतरते, आणि त्याची भरपाई रुग्णालये, बंदरे आणि घरे करतात.

चालते यंत्र, तरीही बाद

ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या ‘विंडोज ११’ने नवी अट घातली. सांकेतिक किल्ल्या जपणारी ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा सोय आणि ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर तिला लागतो. इंटेलच्या बाबतीत ही रेषा साधारणपणे २०१७ मध्ये आलेल्या आठव्या पिढीवर आखली गेली. त्याआधीचे अनेक संगणक टंकलेखन, पत्रव्यवहार आणि शाळेचा अभ्यास यांसाठी पुरेसे असूनही बाद ठरले.

जुन्या प्रणालीवर राहणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा देण्याची योजना २०२४ मध्ये जाहीर झाली. त्यासाठी ३० डॉलर भरणे किंवा कंपनीच्या खात्यात संगणकाच्या मांडणीची नोंद ठेवणे असे पर्याय देण्यात आले. युरोपातील ग्राहक संघटनेने आक्षेप घेतल्यावर तेथील अनेक देशांत या अटी सैल करून सुरक्षा मोफत देण्यात आली. संघटित ग्राहकापुढे कंपनी नमते, हा यातला धडा आहे.

पर्याय आणि पथ्य

फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या लिनक्सचा पर्याय मोफत आणि खुला आहे. केरळच्या सरकारी शाळांनी तो मोठ्या प्रमाणावर स्वीकारला. ‘सी-डॅक’ने ‘बॉस’ ही भारतीय आवृत्ती तयार केली. जुन्या संगणकांवरही त्याच्या हलक्या आवृत्त्या चालतात. पण वाट सरळ नाही. जर्मनीतील म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे जाण्याचे ठरवले आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला. हिशेबाचे प्रोग्राम, जुने फॉन्ट, विशिष्ट प्रिंटर यांची गाठ सुटल्याखेरीज प्रणाली बदलत नाही.

म्हणून तयारी आधीपासून हवी. मराठी मजकूर युनिकोडमध्ये ठेवावा, जुन्या फॉन्टांतील दप्तर वेळीच रूपांतरित करावे, कागदपत्रे खुल्या स्वरूपात साठवावीत आणि त्यांची एक प्रत संगणकाबाहेर असावी. सुरक्षेचे अपडेट बंद करू नये. संगणक घेताना किमतीबरोबर त्यातील प्रणालीचा आधार कोणत्या तारखेपर्यंत आहे, हेही विचारावे. औषधाच्या वेष्टनावर मुदत पाहण्याची सवय ग्राहकाला आहे. ती तारीख आता संगणकालाही लागू झाली आहे.