सांगली बेदाणा प्रतवारी

सांगली बेदाणा प्रतवारी म्हणजे महाराष्ट्राच्या सांगली जिल्ह्यात तयार होणाऱ्या बेदाण्याची रंग, आकार, ओलावा, स्वच्छता आणि चव यांवरून केली जाणारी पारख व वर्गवारी. ही पारख शेडवरील निवडणीत सुरू होते आणि तासगाव व सांगली येथील बाजार समित्यांच्या सौद्यांत पूर्ण होते. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. वाइन किंवा बिअरच्या आस्वादनात परीक्षक गुण लिहून देतात. बेदाण्याच्या सौद्यात असे गुणपत्रक नसते. प्रतिकिलो बोलला गेलेला दर हाच मालाला मिळालेला गुण मानला जातो.

नाव

‘बेदाणा’ हा शब्द फारसी ‘बे-दाना’, म्हणजे ‘बी नसलेला’, यावरून मराठीत आला. बिनबियांच्या द्राक्षांपासून होतो तो बेदाणा आणि बियांच्या द्राक्षांपासून होतो तो मनुका, असा भेद मराठीत सामान्यतः केला जातो. बोलण्यात मात्र दोन्ही शब्द, तसेच ‘किसमिस’ हा शब्दही, पुष्कळदा एकमेकांऐवजी वापरले जातात.

द्राक्षे व प्रदेश

सांगली जिल्ह्याचा पूर्व भाग पर्जन्यछायेत येतो. तासगाव, मिरज, कवठे महांकाळ, जत, खानापूर व पलूस या तालुक्यांत द्राक्षबागा आहेत. सातारा जिल्ह्याच्या कोरड्या पूर्व पट्ट्यातही द्राक्षे घेतली जातात.

बेदाण्यासाठी मुख्यतः ‘थॉमसन सीडलेस’ ही जात व तिच्यातून निवडलेले वाण वापरले जातात. ‘तास-ए-गणेश’ हा वाण तासगाव तालुक्यातील बोरगावचे शेतकरी वसंतराव आर्वे यांनी निवडला. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजचे नानासाहेब काळे यांनी निवडलेल्या ‘सोनाका’ या वाणाचे नाव सोलापूर, नान्नज व काळे यांच्या आद्याक्षरांवरून पडले आहे. थॉमसन व तास-ए-गणेश यांचा बेदाणा गोलसर, तर सोनाकाचा लांबट होतो. म्हणजे बेदाण्याचा आकार बऱ्याच अंशी वाणावर अवलंबून असतो आणि बागेची लागण करतानाच तो ठरलेला असतो.

वेलीची एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी होते. फळ फेब्रुवारी ते एप्रिल या काळात काढणीस येते. बेदाण्यासाठी मण्यातील साखर २२ अंश ब्रिक्सच्या आसपास किंवा त्याहून अधिक असावी लागते. साखर कमी असताना तोडलेल्या द्राक्षांचा बेदाणा हलका व आंबट होतो आणि उताराही कमी पडतो. साधारणतः चार किलो द्राक्षांपासून एक किलो बेदाणा मिळतो.

निर्मिती आणि प्रतीचा संबंध

काढलेले घड पोटॅशियम कार्बोनेट व इथाइल ओलिएट यांच्या द्रावणात काही मिनिटे बुडवले जातात. यातील दुसऱ्या घटकाला शेतकरी ‘डिपिंग ऑइल’ म्हणतात. मण्याच्या सालीवर मेणासारखा नैसर्गिक थर असतो व तो आतील पाणी सहज बाहेर जाऊ देत नाही. द्रावणामुळे या थरातून पाणी बाहेर पडणे सोपे होते आणि वाळण्याचा काळ जवळजवळ निम्म्यावर येतो. भूमध्य समुद्राच्या परिसरात राखेचे पाणी व ऑलिव्ह तेल वापरून द्राक्षे वाळवण्याची जुनी रीत होती. तिच्यातून विकसित झालेली थंड द्रावणाची पद्धत ऑस्ट्रेलियात मरे नदीकाठच्या मिल्ड्युरा परिसरात रुळली. सांगलीत वापरली जाणारी पद्धत याच प्रकारातील आहे.

बुडवलेली द्राक्षे वर छत असलेल्या, चारही बाजूंनी वारा खेळणाऱ्या शेडमधील जाळ्यांच्या मजल्यांवर पसरली जातात. पहिल्या काही दिवसांत त्यांवर त्याच द्रावणाची फवारणी केली जाते. हवा कोरडी असेल तर सुमारे दोन आठवड्यांत माल वाळतो. कवठे महांकाळ तालुक्यातील नागज आणि शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील जुनोनी या परिसरात अशा शेडची मोठी संख्या आहे. पाऊस कमी व वारा कोरडा असल्यामुळे दुसऱ्या गावांतील बागायतदारही तेथे द्राक्षे नेऊन बेदाणा करतात.

उन्हाऐवजी सावलीत वाळवण्याचा थेट संबंध रंगाशी आहे. सावलीत व लवकर वाळलेल्या मण्यात हरितद्रव्य बरेचसे टिकून राहते आणि बेदाणा हिरवा दिसतो. ऊन लागल्यास तो तांबूस होतो. वाळण्यास उशीर झाल्यास मण्यातील विकरांच्या क्रियेमुळे तपकिरी व पुढे काळपट रंग येतो. सोनेरी पिवळा बेदाणा मिळवण्यासाठी गंधकाची धुरी दिली जाते.

वाळलेला माल जाळीवरून उतरवून मळणी, काड्या व देठ काढणे, धुणे आणि चाळणे या क्रियांतून जातो. यंत्राने आकारानुसार विभागणी होते. रंग ओळखून दाणे वेगळे करणारी यंत्रेही वापरात आली आहेत. तरी शेवटची निवडणी अनेक ठिकाणी हाताने होते आणि हे काम मुख्यतः स्त्रिया करतात. तयार माल सामान्यतः पंधरा किलोच्या पेट्यांत भरून शीतगृहात ठेवला जातो.

प्रतवारीचे निकष

रंग : सौद्यात प्रथम रंग पाहिला जातो. हिरवा, पिवळा व काळा असे तीन मुख्य वर्ग आहेत. एकसारख्या हिरव्या मालाला सहसा सर्वांत चांगला दर मिळतो. येथे ‘काळा’ म्हणजे रंग बिघडलेला माल; काळ्या द्राक्षांपासून मुद्दाम केलेला काळा बेदाणा हा वेगळा प्रकार आहे. एकाच पेटीत मिसळलेले रंग हाही दोष समजला जातो.

आकार : गोल आणि लांब हे प्रकार वेगळे विकले जातात. प्रत्येक प्रकारात दाणा जितका मोठा, भरीव व एकसारखा तितकी प्रत वरची. चपटा व पोकळ दाणा कमी साखरेचे लक्षण मानला जातो.

ओलावा : मूठभर बेदाणे दाबून सोडल्यावर दाणे मोकळे व्हावे लागतात. गोळा होणारा माल ओला असतो व साठवणीत खराब होण्याची शक्यता असते. अति वाळलेला माल कडक होतो. कोडेक्सच्या आंतरराष्ट्रीय मानकात बिनबियांच्या बेदाण्यातील ओलाव्याची कमाल मर्यादा १८ टक्के आहे.

स्वच्छता : देठ, काड्या, माती व फुटलेले दाणे यांचे प्रमाण पाहिले जाते. दाण्याच्या बाहेर साखर आली असल्यास माल चिकट होतो.

वास व चव : दाणा चावून गोडी, आंबटपणा, सालीचा जाडपणा आणि गराचा मऊपणा तपासला जातो. दाताखाली खर लागल्यास मालात माती असल्याचे कळते. आंबूस वास वाळताना किण्वन झाल्याचे, तर उग्र वास गंधकाची धुरी जास्त झाल्याचे दर्शवतो. कोडेक्स मानकात धुरी दिलेल्या बेदाण्यातील सल्फर डायऑक्साइडची मर्यादा किलोमागे १,५०० मिलिग्रॅम आहे.

या क्रमात चव शेवटी येते, हे बेदाणा प्रतवारीचे ठळक वैशिष्ट्य आहे. रंग व चव नेहमी एकमेकांबरोबर जात नाहीत. पूर्ण पक्व द्राक्षांत साखर अधिक असते, पण अशा मण्यांचा हिरवेपणा ओसरू लागलेला असतो. त्यामुळे त्यांचा बेदाणा गोडीस सरस असूनही रंगात पिवळसर उतरू शकतो. फार हिरवा बेदाणा काही वेळा किंचित आंबट लागतो. वाइनच्या आस्वादनात रंगाला थोडे गुण राखून बहुतेक गुण वास व चव यांना दिले जातात. बेदाण्याच्या बाजारात हे प्रमाण उलट आहे.

सौदा

बेदाण्याचे सौदे तासगाव व सांगली येथील बाजार समित्यांच्या आवारात अडत्यांमार्फत उघड बोलीने होतात. सोलापूर जिल्ह्यात पंढरपूर येथेही सौदे भरतात. सांगली व तासगावच्या सौद्यांत कर्नाटकातील विजयपूर परिसराचा मालही येतो. प्रत्येक प्रतीच्या पेट्या उघडून नमुना मांडला जातो. खरेदीदार दाणे हातावर घेऊन पाहतात, दाबतात, चाखतात आणि बोली लावतात. एका नमुन्याचा निर्णय थोड्याच वेळात होतो आणि शेतकऱ्याचे वर्षभराचे उत्पन्न त्या दरावर ठरते. शीतगृहाची सोय असल्याने दर न पटल्यास माल राखून ठेवता येतो. मात्र त्याचे भाडे चालू राहते आणि कर्जाची परतफेड लांबते. रमजान व दिवाळी या सणांपूर्वी मागणी वाढते. दिवाळीच्या सुमारास जुनी येणी-देणी पूर्ण करण्यासाठी काही काळ सौदे बंद ठेवले जातात. या व्यवहाराला बाजारात ‘झिरो पेमेंट’ म्हणतात.

वादाचे विषय

नमुना पाहताना मूठभर बेदाणे जमिनीवर टाकण्याच्या प्रथेला ‘उधळण’ म्हणतात. विखुरलेला हा माल शेतकऱ्याच्या वजनातून जातो. पेटीमागे धरली जाणारी ‘तूट’ हाही असाच तक्रारीचा विषय आहे. द्राक्ष बागायतदारांनी या दोन्हींना विरोध केला असून बाजार समित्यांनी उधळणीवर निर्बंध घातले आहेत. पारख आवश्यक असली तरी तिचा खर्च कोणी सोसावा, हा या वादाचा गाभा आहे.

हवामानाचा परिणाम

मार्च-एप्रिलमधील अवकाळी पाऊस हा प्रतीला असलेला सर्वांत मोठा धोका आहे. शेडला छत असले तरी हवेतील दमटपणा वाढताच वाळण्याचा वेग मंदावतो आणि जाळीवरचा हिरवा माल काळा पडू लागतो. बाजूंनी पावसाचे पाणी आत आल्यास बुरशी येते. बागेतील वर्षभराची मशागत, छाटण्या व औषधफवारण्यांचा खर्च तोच राहतो, परंतु दोन-तीन दमट दिवसांत माल वरच्या प्रतीतून खालच्या प्रतीत जातो. अशा वेळी काळपट बेदाणाही पुरेसा गोड असू शकतो. तथापि रंगाचा निकष पहिला असल्याने त्याला हलक्या मालाचाच दर मिळतो.