खोक्यातून आलेली गाडी

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म सोलापूरचा, २३ नोव्हेंबर १८८२चा. सोलापूरकर त्यांचं नाव वालचंद कॉलेजमुळे रोज घेतात, उरलेला महाराष्ट्र वालचंदनगरच्या साखरेमुळे. फाटक नावाच्या भागीदाराबरोबर बार्शी लाइट रेल्वेची कंत्राटं घेऊन त्यांनी सुरुवात केली आणि पुढे जहाजं, विमानं, मोटारी असं सगळंच हिंदुस्थानात व्हायला हवं, असा ध्यास धरला. त्यातलं लोकांच्या दारापर्यंत पोचलं ते मोटारीचं स्वप्न. आधी फोर्डशी बोलणी झाली, ती फिसकटली. मग क्रायस्लरशी करार झाला, १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या.

या पहिल्या गाड्या कुर्ल्यात घडत नव्हत्या, जुळत होत्या. सुटे भाग बोटीनं मुंबई बंदरात यायचे, खोकी फोडायची, क्रमानं मांडायचं, जोडायचं, रंगवायचं. डॉज, प्लायमाउथ अशाच आल्या, आणि पन्नाशीच्या दशकात इटलीच्या फियाटही अशाच. गोलमटोल पाठीची, पुढची दारं उलटी उघडणारी ती फियाट ११०० मुंबईत ‘डुक्कर फियाट’ म्हणून ओळखली गेली. हळूहळू एकेक भाग इथंच बनू लागला. त्याच वंशातली गाडी १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी झाली. छोट्या मोटारींची किट जोडणाऱ्याला हा इतिहास वाचताना आपल्याच टेबलावरचं काम वाचल्यासारखं वाटतं. आपल्याकडे मोटार आली तीच मुळी किट म्हणून. मग त्या मोटारीचं छोटं किट आपल्याकडे का आलं नाही?

उत्तर शोधायला किटचं कूळ पाहावं लागतं. छोट्या गाडीचं किट जन्माला आलं ते मोठी गाडी विकणाऱ्यांच्या गरजेतून. निकोलस कोव्ह या हंगेरियन निर्वासितानं १९३९ साली इंग्लंडमध्ये एअरफिक्स सुरू केली. रबरी फुगवायची खेळणी आणि कंगवे विकणाऱ्या या कंपनीकडे १९४९ मध्ये फर्ग्युसन ट्रॅक्टरवाल्यांनी काम दिलं: आमच्या विक्रेत्यांना गिऱ्हाइकापुढे ठेवायला ट्रॅक्टरची हुबेहूब छोटी प्रतिकृती हवी. ती जोडून द्यायची म्हणजे मजुरी फार, शिवाय नाजूक भाग तुटायचे. मग तेच भाग सुटे विकले, जोडायचं काम घेणाऱ्यावर सोपवलं. एअरफिक्सचं पहिलं किट ते हेच. कंपनीचं पोट भरलं मात्र पुढच्या किटनं, वूलवर्थच्या दुकानांतून पिशवीत विकल्या गेलेल्या १९५२च्या ‘गोल्डन हाइंड’ जहाजानं.

अमेरिकेतही कूळ तेच. डेट्रॉइटच्या मोटार कंपन्या दरवर्षी गाडीचं रूप बदलत, आणि नवं रूप दाखवायला शोरूमला एकास पंचवीस मापाच्या तयार प्रतिकृती देत. त्या बनवणारी एएमटी १९४८ साली निघाली. सुरुवातीच्या प्रतिकृती ॲल्युमिनियमच्या होत्या, म्हणून नावातही ॲल्युमिनियम. नंतर प्लास्टिक आलं, पण ते ॲसिटेट जातीचं. वर्षं गेली की ते आकसतं, वाकतं. आज जुन्या संग्रहांत पाठ वाकलेल्या गाड्या दिसतात, त्या याच कुळातल्या. पॉलिस्टायरिन आल्यावर हा रोग गेला. शिवाय पॉलिस्टायरिनला चिकटवणारा द्रव त्याला किंचित वितळवून एकजीव करतो. सांधा भक्कम होतो आणि घासला की नाहीसा होतो. किटचा छंद उभा आहे तो या एका गुणावर.

साचे एएमटीकडे होतेच. १९५८ मध्ये तिनं त्याच साच्यांतून किट काढलं आणि एका खोक्यात एकच गाडी तीन तऱ्हांनी जुळवता येईल एवढे भाग घातले: कारखान्यातून निघते तशी, शर्यतीची आणि मनाजोगी बदललेली. मनाजोगी, म्हणजे छप्पर खाली घेतलेली, दिवे बदललेले, बंपर गाळलेला. कॅलिफोर्नियातला जॉर्ज बॅरिस तेव्हा खऱ्या गाड्यांवर हेच करत होता, आणि एएमटीनं त्याला सल्ल्यासाठी घेतलं. खोक्यावर छापलेल्या चित्रापेक्षा वेगळी गाडी करायची मुभा मुलांच्या हाती आली ती इथून. या छंदाच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं पाऊल मी हेच मानतो.

जुन्या गाड्यांची ओढही पहिल्यापासूनची. रेव्हेल या अमेरिकी कंपनीनं १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘हायवे पायोनियर्स’ नावानं एकास बत्तीस मापाच्या म्हाताऱ्या गाड्यांची मालिका आणली, एअरफिक्सनं १९५६ मध्ये जुनी रोल्स-रॉइस आणि बेंटली. जपानात शिझुओका शहरातल्या टामियाचा धंदा मुळात लाकूड कापण्याचा. ती १९६० पासून प्लास्टिककडे वळली आणि भाग इतके अचूक बसू लागले की कानस जवळजवळ लागेनाशी झाली.

आता आपल्याकडे या. गाडी विकायला छोटी प्रतिकृती कुणाला लागते? ज्याला गिऱ्हाईक पटवायचं आहे त्याला. आपल्याकडे फियाट नोंदवून लोक वर्षानुवर्षं वाट पाहत होते. परवान्यांच्या राज्यात इनमीन तीन कंपन्या मोटारी करत होत्या आणि बनेल ती गाडी आधीच विकलेली असायची. कुर्ल्याला प्रतिकृती काढायची गरजच पडली नाही. प्रतिकृती नाही म्हणून साचा नाही, साचा नाही म्हणून किट नाही. आले ते परदेशातले उतरलेले साचे. इंग्लंडच्या डिंकी कंपनीचे जुने साचे कोलकात्यात आले आणि ‘निकी टॉइज’ नावानं धातूच्या गाड्या निघाल्या. त्या तयार गाड्या होत्या, जोडायच्या नव्हेत. परदेशी किट मागवावं, तर ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरचे निर्बंध २००१ पर्यंत रेंगाळले. ते सुटले, पण प्रतिकृती सीमाशुल्काच्या तक्त्यात खेळण्यांच्याच रांगेत बसतात, आणि खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. देशी खेळण्यांना संरक्षण हवं, हे मला मान्य आहे. पण जे किट देशात बनतच नाही, त्यावर एवढा कर लावून कोणाचं रक्षण होतं?

म्हणून महाराष्ट्रात छोटी गाडी हातानं घडली. पुण्यात भाऊसाहेब जोशींनी आयुष्यभर जमवलेल्या, घडवलेल्या छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ साली उघडलं. गावोगावची पोरं एसटीच्या लाल गाड्या करतात: सनबोर्ड, कार्डशीट, फेविक्विक, आणि नंबर कापायला रेडियमवाला. दापोडी किंवा चिकलठाण्याच्या कार्यशाळेत बांधलेल्या बॉडीत खिडक्या किती, शिडी कुठं, हे त्यांना तोंडपाठ असतं. आपल्या छंदाची मूळ शाखा मी याच पोरांची मानतो.

सोलापुरात पद्मिनी करायची तर रस्ता हाच. माप एकास चोवीस घ्यावं. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं खरं अंतर २३४० मिलिमीटर, म्हणजे टेबलावर साडेसत्त्याण्णव. चाक साधारण अडीच सेंटिमीटर व्यासाचं. त्याला मशिनरीच्या दुकानातली रबरी ओ-रिंग चालते. सांगाड्याला मी चादरीच्या जॅकार्ड मागाचं कोरं कार्ड वापरतो, नक्षीची भोकं पाडण्याआधीचं. ते दाट असतं, सपाट असतं आणि पात्यानं कापलं तर कडा सुटत नाही. गाडीचे आडवे छेद कार्डातून कापून ओळीनं उभे करायचे, मधली जागा थर्माकोलनं भरायची, वर कागदाचे थर फेविकॉलनं चढवायचे. दोन्ही अंगांनी वळणारं छप्पर कागदात नीट येत नाही. त्याला लाकडाचा साचा कोरून, प्लास्टिकची पातळ शीट तापवून त्यावर ओढावी लागते.

मग डेंटिंग-पेंटिंगवाल्यांचंच सामान. एनसी पुट्टी, वाळू द्यायची, ४००चा वॉटर पेपर, पुन्हा पुट्टी, ८००, प्रायमर. प्रायमर मारला की लपलेली प्रत्येक खोट वर येते आणि परत ४००वर जावं लागतं. इथं कंटाळा केला तर वरचा रंग काही झाकत नाही, उलट चमक दाखवून देते. रंगावर १५०० आणि २०००. बंपर आणि बाजूच्या पट्ट्यांना चंदेरी रेडियमची बारीक पट्टी. आणि मनाजोगी गाडी म्हणाल, तर आपल्याला बॅरिसकडे जायची गरज नाही. छपरावर पत्र्याचं कॅरियर, मागच्या काचेला जाळीचे पडदे, पुढच्या काचेवर ‘श्री सिद्धेश्वर प्रसन्न’ आणि नंबर एमएच १३चा. इतकं केलं की ती पद्मिनी सोलापूरची होते, दुसऱ्या कुठल्या गावची होऊ शकत नाही.

सगळ्यात कठीण गोष्ट मात्र पुट्टी-रंगात नाही, मापात आहे. एअरफिक्स, रेव्हेल, टामिया यांच्या यादीत पद्मिनी कधी आली नाही, त्यामुळे भरवशाचा तयार नकाशा हाताशी नाही. खेळण्याच्या दुकानातली काळी-पिवळी टॅक्सी मोजून उपयोग नाही, तिची प्रमाणं खेळण्याची आहेत. मोजायची तर खरी गाडी. मुंबईत पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. खाजगी गाड्या अजून वाड्यांत, गॅरेजमागे, शेडमध्ये उभ्या आहेत आणि भंगारवाल्याची वाट पाहत आहेत.

तुमच्याकडे, काकांकडे, शेजारी अशी एखादी असेल, तर ती विकण्याआधी एक दुपार द्या. चाकांमधलं अंतर, दारांची रुंदी, जमिनीपासून छपराची आणि बॉनेटची उंची मोजून लिहा. फोटो समोरून, मागून आणि दोन्ही बाजूंनी काढा, लांब उभं राहून काढा म्हणजे आकार फसणार नाही, आणि चौकटीत एक मोजपट्टी ठेवा. रंगाचा नमुना उन्हानं उडालेल्या छपरावरून घेऊ नका, डिकीच्या आतून घ्या. ही मापं जवळच्या अभियांत्रिकी कॉलेजातल्या एखाद्या पोराच्या हाती द्या. संगणकावर नकाशा काढायला आणि थ्रीडी प्रिंटरवर भाग छापायला आज त्याला मोठा कारखाना लागत नाही. सोलापूरच्या माणसानं उभ्या केलेल्या कारखान्यातल्या गाडीचं पहिलं किट सोलापुरात निघू शकतं.