अटलांटाचे नळ

नगराला पाणी पुरवावयाचे तर बिडाचे नळ हवेत. आणि ते इतके जड की दूरच्या कारखान्यातून आणणे परवडत नाही. १८९४ साली अमेरिकेतील टेनेसी, अलाबामा, केंटकी व ओहायो या राज्यांतील सहा नळ-कारखानदारांनी नेमका याच अडचणीचा लाभ उठविला. काही शहरे त्यांनी आपसांत वाटून घेतली. इतर ठिकाणी निविदा भरण्यापूर्वी त्यांच्यातच गुप्त लिलाव होई. संघाला जो सर्वाधिक ‘बोनस’ देऊ करील, त्याला कंत्राट. बाकीच्यांनी त्याहून चढ्या निविदा भरून स्पर्धेचा देखावा तेवढा करावयाचा. बोनसाची रक्कम सारे वाटून घेत, आणि ती अर्थातच गिऱ्हाइकाच्या तिजोरीतून निघे.

१८९० च्या शर्मन कायद्याखाली सरकारने १८९६ मध्ये दावा लावला. १८९८ साली न्यायमूर्ती टॅफ्ट यांनी (हेच पुढे राष्ट्राध्यक्ष झाले) हा करार बेकायदेशीर ठरविला आणि पुढील वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय बव्हंशी कायम केला. कराराला मनाई झाली खरी. पण अटलांटा नगराने आधीच मोजलेले जादा दाम कारखानदारांच्याच खिशात राहिले.

मग नगरानेच न्यायालय गाठले. ज्याच्या धंद्याची वा मालमत्तेची हानी झाली, त्याला तिप्पट भरपाई व वकिलाचे वाजवी शुल्क मिळावे, असे त्या कायद्याचे सातवे कलम सांगत होते. तिप्पट भरपाईची ही कल्पना इंग्लंडच्या १६२४ च्या मक्तेदारीविरोधी कायद्यातही आढळते. प्रतिवादी होते टेनेसीतील दोन कारखाने. नळ विकले होते ते संघातल्याच अलाबामातील तिसऱ्या कारखान्याने. तेव्हा आमचा काय संबंध, असा त्यांचा पवित्रा. शिवाय तीन वर्षांची मुदत टळली आहे, हेही होतेच. गुप्त कटाचा सुगावा उशिरा लागतो, आणि कट करणारेच मुदतीकडे बोट दाखवितात!

१९०६ साली न्यायमूर्ती होम्स यांनी दोन्ही मुद्दे फेटाळले. फसवून जादा पैसे घेतले, की देणाऱ्याच्या मालमत्तेची हानी झालीच. मुदतही दहा वर्षांची. हानीचे माप म्हणजे दिलेली किंमत व वाजवी बाजारभाव यांतील अंतर.

भारतात १९६९ च्या मक्तेदारीविषयक कायद्यात भरपाईची तरतूद १९८४ च्या दुरुस्तीने आली. २००२ च्या स्पर्धा अधिनियमाने स्थानिक संस्थांनाही अपील न्यायाधिकरणाकडे भरपाई मागण्याचा हक्क दिला. मात्र त्यासाठी आधी स्पर्धा आयोगाचा निष्कर्ष वा न्यायाधिकरणाचा आदेश हाती असावा लागतो. आणि तिपटीची तरतूद तेथे नाही.