कुंभकोणमचे टाउन हायस्कूल आणि कॉलेजची वाट

कुंभकोणमला ‘दक्षिणेचे केंब्रिज’ हे बिरुद मिळाले ते तेथील सरकारी कॉलेजमुळे. १८५४ मध्ये शाळा म्हणून निघालेली ही संस्था १८६७ मध्ये कॉलेज झाली. त्याआधी, १८२८ मध्ये येथील मराठी कुटुंबात जन्मलेल्या टी. माधवरावांना (पुढे बडोद्याचे दिवाण) शिक्षणासाठी मद्रासचे हायस्कूल गाठावे लागले होते. १८५७ मध्ये मद्रास विद्यापीठ आले, त्याबरोबर मॅट्रिकची परीक्षा आली आणि चांगल्या हायस्कुलांचे मोल वाढले. १८६४ चे टाउन हायस्कूल त्यांपैकीच.

श्रीनिवास रामानुजन १८९७ मध्ये प्राथमिक परीक्षेत जिल्ह्यात पहिले आले आणि या शाळेत दाखल झाले. १९०४ मध्ये गणिताचे रंगनाथ राव पारितोषिक मिळवून ते शिष्यवृत्तीसह सरकारी कॉलेजात गेले. श्रेय शाळेचे किती? असा मुलगा दुसऱ्या शाळेतूनही कॉलेजात पोहोचला असता, असेच वाटते. आत टिकणे मात्र वेगळे. गणिताखेरीज अन्य विषयांत ते नापास झाले, शिष्यवृत्ती गेली. मद्रासच्या पचैयप्पा कॉलेजातूनही एफ.ए.ची परीक्षा साधली नाही. १९१४ मध्ये खऱ्या केंब्रिजला ते पोहोचले, ते कोणत्याही प्रमाणपत्रावर नव्हे, तर आदल्या वर्षी तेथील गणितज्ञ हार्डींना पाठवलेल्या प्रमेयांच्या जोरावर.