मोटारसायकलचा जोडदिवा

बैलगाडीखालीं टांगलेला कंदील गाडीवानाला वाट दाखविण्यापेक्षां समोरून येणाराला गाडीची चाहूल देण्याच्या कामीं अधिक येई; वाट बैलांच्या अंगवळणीं पडलेली असे. मोटारसायकलच्या स्वाराला असा जाणता सोबती नाहीं. ताशीं ४० मैलांनीं जाणारा स्वार एका सेकंदांत सुमारें ५९ फूट अंतर कापतो. खड्डा दिसून हात ब्रेकवर पडेपर्यंतच तेवढी वाट सरते. दिव्याची पोंच वेगाहून तोकडी पडली कीं अपघाताला तेवढें निमित्त पुरतें.

१८९४ सालीं म्युनिक येथें हिल्डब्रांट व वोल्फम्यूलर यांची मोटारसायकल विक्रीस आली. त्या काळच्या तेलाच्या दिव्याची ज्योत हादऱ्यांपुढें टिकत नसे. परंतु १८९२ मध्येंच अमेरिकेंत टॉमस विल्सन यास विजेच्या भट्टींत कॅल्शियम कार्बाइड मुबलक करण्याची रीत सांपडली होती. तिच्यामुळें कार्बाइडचा दिवा सर्वत्र रूढ झाला. वरच्या कप्प्यांतील पाणी थेंब थेंब खालच्या कार्बाइडवर पडे, त्यांतून अॅसिटिलीन वायु निघे व रबरी नळीवाटे ज्योतीपर्यंत जाई. प्रकाश शुभ्र व प्रखर असे. तथापि धक्क्यासरशीं पाणी अधिक सांडलें कीं ज्योत भडके, थंडींत पाणी गोठे, पाणी बंद केल्यावरहि कांहीं वेळ वायु निघतच राही, आणि प्रवासाअंतीं डब्यांतील चुन्याचा गाळ खरवडणें स्वाराच्याच नशिबीं येई.

विजेचा दिवा सुखासुखीं आला नाहीं. १९१४ मध्यें अमेरिकेंतील ‘इंडियन’ कारखान्यानें विजेचा स्टार्टर व विजेचे दिवे असलेली ‘हेंडी स्पेशल’ काढली. पण तत्कालीन बॅटरी त्या भाराला पुरी पडली नाहीं व ती गाडी लवकरच मागें घ्यावी लागली. पुढल्याच वर्षीं हार्ले-डेव्हिडसनच्या गाड्यांवर विजेचे दिवे आले. इंग्लंडांत ल्यूकस यांच्या ‘मॅगडायनो’नें मॅग्नेटो व डायनॅमो एकाच सांगाड्यांत बसविले, तेव्हां रात्रीचा प्रवास पुष्कळसा निर्धास्त झाला.

एका दिव्यानें भागेना, तेव्हां जोडदिव्याची हौस उत्पन्न झाली. पण तिला हिशेबाचा लगाम होता. सहा व्होल्टचा डायनॅमो फार तर ६० वॅट देई, आणि तेहि गाडी वेगांत असतांना. मुख्य दिव्याचे ३० वॅट धरून २४ वॅटचे दोन दिवे जोडले, तर बेरीज ७८ होई. उणीव बॅटरींतून भरून निघे व अॅमीटरचा कांटा उण्याकडे झुके. सुज्ञ स्वार म्हणून एकच जोडदिवा घेई. त्याची जागाहि विचारानें ठरवावी लागे. थरथरणाऱ्या मडगार्डवर तार लवकर तुटते. सांगाड्याच्या नळीला पकडींत घट्ट बसविलेला दिवा टिकतो. धुक्यासाठीं तो खालीं व रुंद, आडव्या झोताचा हवा. डोळ्यांजवळून निघालेला प्रकाश धुक्याच्या कणांवरून उलट डोळ्यांतच येतो. स्वतंत्र स्विच, पुरेशी जाड तार व फ्यूज यांवांचून काम पुरें होत नसे.

मात्र एकाचा प्रकाश दुसऱ्याचा अंधार होऊं शकतो. १९२५ च्या सुमारास दोन तंतूंचा बल्ब निघाला व मुख्य दिव्याचा झोत खालीं वळवितां येऊं लागला. जोडदिव्याला ती सोय नव्हती. समोरून कोणी आल्यास तो विझवावाच लागे. उलट टोंकाचा अनुभव युद्धानें दिला. १ सप्टेंबर १९३९ पासून ब्रिटनमध्यें रात्रीं दिवे झांकण्याचा हुकूम झाला, आणि त्या महिन्यांतील रस्त्यांवरील मृत्यु आदल्या वर्षाच्या त्याच महिन्याच्या जवळजवळ दुप्पट झाले. शत्रूच्या विमानांना न दिसण्याची किंमत पादचाऱ्यांनीं मोजली.

१९६२ मध्यें युरोपांत मोटारींना हॅलोजन दिवे आले. पुढें एलईडीनें थोड्या वॅटांत तितकाच उजेड दिला. भारतांत १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर दिवसाहि लागतो. दुसऱ्यांना दिसणें हेंहि दिव्याचें कामच होय, हें त्यांत मान्य झालें. पूर्वीं डायनॅमोचे ६० वॅट स्वाराला संयम शिकवीत. आतां तो लगाम सुटला आहे. घाटांतल्या वळणावर समोरच्याचे डोळे दिपूं नयेत म्हणून झोत खालीं वळविणें व जोडदिवा वेळीं विझविणें, हें आतां स्वाराच्या विवेकावरच अवलंबून राहिलें आहे.