मेणाचा साचा

शिरोली एमआयडीसीतील फाउंड्रीत धातू ओतण्यापूर्वी पॅटर्न तयार होतो. तो चुकला की सारे ओतकाम वाया. अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्याजवळचा एक कारागीर हीच रीत माणसाच्या चेहऱ्यावर वापरत होता.

कावसजी हा इंग्रज फौजेचा बैलहाक्या; नाव पारशी वाटते, पण नोंदीत तो मराठा शेतकरी आहे. टिपूच्या कैदेत त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराने वीटकाम करणाऱ्या जातीतील या शस्त्रवैद्याने नाक पुन्हा घडवले. उरलेल्या खुंटावर मेणाची पातळ पट्टी बसवून आकार घेतला, ती सपाट करून कपाळावर ठेवली आणि तेवढीच त्वचा सोडवून खाली वळवली. डोळ्यांमधला देठ मात्र तोडला नाही, कारण नव्या नाकाला रक्त त्यातूनच मिळत होते. जोडावर भिजवलेल्या काताच्या पट्ट्या बसल्या. देठ कापला तो सुमारे २५व्या दिवशी. असा हात वर्षानुवर्षांच्या सरावाविना बसत नाही.

ऑक्टोबर १७९४मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने हा वृत्तान्त सचित्र छापला. पुढे जोसेफ कार्प्यू यांनी मृतदेहांवर सराव करून १८१४मध्ये तीच शस्त्रक्रिया लंडनमध्ये यशस्वी केली.

त्या वृत्तान्तात रुग्णाचे नाव आहे. शस्त्रक्रिया पाहणाऱ्या दोन इंग्रज डॉक्टरांचीही नावे आहेत. ती करणाऱ्याचे नाही.