विमानातील द्रवांचा तंतू-संमिश्रांवरील परिणाम

विमानातील द्रवांचा तंतू-संमिश्रांवरील परिणाम हा पदार्थविज्ञान व विमान अभियांत्रिकी यांतील एक अभ्यासविषय आहे. बोइंग ७८७ या विमानाच्या रचनेत वजनाने सुमारे ५० टक्के संमिश्रे आहेत. अशा भागांवर इंधन, हायड्रॉलिक द्रव, वंगणतेल, बर्फ वितळवणारे ग्लायकॉलयुक्त द्रव आणि रंग काढण्याची रसायने सांडतात किंवा झिरपतात.

हानीचे स्वरूप

संमिश्रात कार्बनचे किंवा काचेचे तंतू भार वाहतात आणि बहुवारिकाचे आधारद्रव्य त्यांना एकत्र धरून ठेवते. कार्बन तंतूंवर या द्रवांचा फारसा परिणाम होत नाही. हानी होते ती आधारद्रव्याची आणि त्याच्या तंतूंवरील पकडीची. द्रवाचे रेणू बहुवारिकाच्या साखळ्यांमध्ये शिरले की पदार्थ फुगतो व मऊ पडतो. भाग ताणाखाली असेल, तर एरवी निरुपद्रवी वाटणाऱ्या द्रवानेही त्याला बारीक तडे जाऊ शकतात.

हायड्रॉलिक द्रव

प्रवासी विमानांत फॉस्फेट एस्टर प्रकारचे हायड्रॉलिक द्रव प्रामुख्याने वापरले जातात. खनिज तेलाच्या तुलनेत ते सहज पेट घेत नाहीत. मात्र आगीपासून संरक्षण म्हणून स्वीकारलेले हेच द्रव रंग, काही प्रकारचे रबर आणि अनेक प्लॅस्टिके यांना घातक ठरतात. पॉलिकार्बोनेट, पॉलिसल्फोन यांसारख्या अस्फटिकी ऊष्मामृदू बहुवारिकांत साखळ्यांची रचना अव्यवस्थित असल्याने द्रव सहज आत शिरतो. ३४३° से.ला वितळणारे पीक (पॉलिइथर इथर कीटोन) आणि पीपीएस (पॉलिफेनिलीन सल्फाइड) ही अर्धस्फटिकी असल्याने बरीच टिकाऊ ठरतात. एअरबस ए३८० च्या पंखांच्या स्थिर अग्रकडेसाठी काचतंतू व पीपीएस यांचे संमिश्र वापरलेले आहे.

ऊष्मादृढ इपॉक्सीच्या साखळ्या आडव्या बंधांनी जोडलेल्या असतात, त्यामुळे ती विरघळत नाही. तरीही ती पाणी शोषते, आणि डायक्लोरोमिथेनयुक्त रंगनाशके तिला इजा करतात. म्हणून संमिश्र भागांवरील रंग बहुधा घासून काढतात.

चाचणी

तंतूंच्या दिशेने ताणून घेतलेली चाचणी येथे फसवी ठरते. भार तंतूच पेलत असल्याने दुबळे झालेले आधारद्रव्य तीत लपून राहते. त्यामुळे द्रवात ठेवलेल्या नमुन्यांची कर्तन व संपीडन चाचणी घेतात, किंवा तंतू ४५ अंशांत ठेवून ते ताणतात. नमुना वाकवून, म्हणजे ताणाखाली ठेवूनच द्रवात बुडवणे अधिक विश्वसनीय असते, कारण सैल नमुन्यावर तडे मुळीच न दिसण्याचा संभव असतो.